सोसायचं ते ज्वारीनं, आम्ही नाही

दोस्तहो, गेल्या हिवाळ्यात सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात रब्बी ज्वारीचं शिबिर झालं. एक साहेब आले. नाव सांगत नाही, असले साहेब सगळीकडे एकाच छापाचे. हातात कणीस धरून म्हणाले, "हिला लाड नकोत. पाणी नसलं तरी सोसते, थंडी सोसते. अगदी तुम्हा लोकांसारखी सोशिक!" मंडपात हशा पिकला. माझी आई हसली नाही. ज्वारी उपटून उपटून तिच्या तळहाताला घट्टे पडलेत. मीही हसलो नाही. हा लेख त्या न हसण्यातून आलाय.

आधी ज्वारी समजून घ्या. न समजता भांडणारा नुसता ओरडतो.

रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पाऊस परतीला लागलेला असतो. पुढं सगळा खेळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर. दाणा भरायच्या वेळी नेमकी ओल संपते. कच्च्या वाणाची पानं वाळतात, बुडात खडखड्या शिरतो, ताट आडवं होतं. पक्कं वाण शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवून दाणा भरतं. दुसरा मार थंडीचा. आपल्या निफाडात पारा काही वर्षी पाचाच्याही खाली उतरतो. ज्वारी निसवताना रात्री अशा गारठल्या की पराग मरतात. कणीस उभं राहतं, आत दाणा नाही.

1964 ला देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं, सीएसएच-1. खरिपाच्या ज्वारीचं उत्पन्न वाढलं, सरकारनं ढोल वाजवले. रब्बीत मात्र संकरित वाण रुळलं नाही. थंडीत त्याचे पराग नीट धरत नाहीत, खोडमाशी वेगळीच. टिकली कोण? मालदांडी 35-1. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात गावठी मालदांडीतून निवडून काढलेली. आजही नवं वाण आलं की त्याला हिच्याशीच ताडून बघतात.

'निवडून काढलेली' हा शब्द पकडून ठेवा. निवडली म्हणजे आधीपासून होती. कुणी राखली होती? दुष्काळात पोट मारून बियाणं मडक्यात जपणाऱ्या बायांनी. खळ्यावर चांगलं कणीस बाजूला काढणाऱ्या हातांनी. आणि बलुत्याच्या चार पेंढ्यांसाठी त्याच खळ्यावर राबून गावकुसाबाहेर परतणाऱ्या आमच्या आज्या-आज्यांनी. वाणाला नंबर मिळाला. हातांना काय मिळालं?

आणि त्याच दशकात आपल्या नाशकात काय चाललं होतं? 2 मार्च 1930 पासून आमची माणसं काळारामाच्या दारात उभी होती, दगड खात होती. 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं, या धर्मात मरणार नाही. तिकडं मोहोळात पिकाचा सोशिकपणा निवडला जात होता. इकडं माणसं सोसायचं नाकारत होती. दोन्ही कामं बरोबर होती. साहेब, तुम्ही ती एकमेकांत मिसळलीत. तिथं आमचं भांडण आहे.

1972 ला ज्वारीलाही सोसलं नाही. तेव्हा रेशनवर मिलो आला, अमेरिकेची लाल ज्वारी. तिथं जी जनावरांपुढं टाकत, ती इथं खडी फोडणाऱ्यांच्या ताटात पडली. वाण कितीही पक्कं असो, पोटाची व्यवस्था वाण करत नाही.

आता आजचं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाणं दिली. भारी जमिनीला फुले वसुधा, मध्यमला फुले सुचित्रा, बागायतीला फुले रेवती आणि हलक्या जमिनीला फुले अनुराधा. काम मोलाचं आहे, मी टोपी काढतो. पण सांगा, हलकी जमीन कुणाच्या वाट्याला? वीतभर माती, खाली मुरूम. गायरान, पडीक, डोंगरउतार. ती तरी फुकट मिळाली का? याच जिल्ह्याच्या दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली. 1991 च्या शासननिर्णयानं 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी आमच्या आळीतली माणसं अजून कचेरीला खेटे घालतायत. सातबारा नाही म्हणून सवलतीचं बियाणं नाही, कर्ज नाही, विमा नाही. फुले अनुराधा ज्या मातीसाठी काढली, त्या मातीत राबणारा माणूस कागदावरच नाही! पिशवीवर जोतीबांचं नाव आणि पिशवी जोतीबांच्या माणसाला मिळत नाही, ही कसली चेष्टा?

वर 2023 पासून ज्वारी 'श्री अन्न' झाली. कालपर्यंत भाकरीला नाक मुरडणारे आता चकचकीत पुड्यांतून तिला घरी नेतात. न्या बापहो. पण ज्वारीला 'श्री' लावलात, तर उपटणाऱ्या बाईला निदान पुरती मजुरी लावा.

म्हणून शहरातल्या दोस्तांनो, सातपूर-अंबडच्या शिफ्टा संपवून गावी जाल तेव्हा नुसता हुरडा खाऊन परतू नका. गायरानावर कोण राबतंय, त्याचा दावा कुठं अडकलाय ते लिहून आणा. मागणी साधी आहे. कसणाऱ्याच्या नावावर जमीन. कसतो त्याला बियाणं, सातबारा असो नसो. आणि इथली ज्वारी हमीभावानं घेऊन इथल्याच रेशनवर.

संशोधक मित्रांनो, ज्वारी अजून पक्की करा. थंडी सोसू द्या, अवर्षण सोसू द्या. ते तिचं काम आहे, तिनं ते आमच्यासाठी केलंय.

आमचं काम वेगळं आहे. पुढच्या शिबिरात तो साहेब तसाच बोलला, तर मंडपात हशा पिकणार नाही. आई उठून उभी राहील. मी तिच्या बाजूला असेन.