मंदिरातला बारा वर्षांचा मुलगा



लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो, प्रश्नही विचारतो. तीन दिवसांनी मरिया आणि योसेफ तिथे पोहोचतात. शिक्षक, मूल आणि आईवडील एका जागी येतात.

डिचोलीत आम्ही मात्र मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडतो आणि आपले काम झाले असे समजतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. निम्मे सदस्य स्त्रिया हव्यात. जागा आहेत, बसणारे हवेत. बैठकीला जाऊ या. त्याआधी मुलाला विचारू या, वर्गात तुला काय अडते? त्याचे उत्तर बाईंपुढे मांडू या.

मरियेला येशूचे बोलणे उमगले नव्हते, तरी तिने ते मनात जपले. आपणही मुलांचे ऐकू या.