कच्चा लिंबूही जिंकतो तेव्हा

मराठी मुलांच्या खेळात एक जागा पूर्वापार राखीव आहे. लपाछपी असो की पकडापकडी, सगळ्यांत धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळायला घेतात. ते पळतं, लपतं, ओरडतं. पण त्याच्यावर राज्य येत नाही. खेळात घेतलं असलं तरी आपल्याला कुणी मोजत नाही, हे त्याला फार लवकर कळतं. घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेमची पारख याच जागेवरून व्हायला हवी. सहा वर्षांची नात, चौदा वर्षांचा नातू, त्यांची आई आणि आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेले आजोबा एका सोफ्यावर बसले, तर कच्चा लिंबू कोण ठरतो?

या कसोटीवर निन्टेन्डोचा ‘मारिओ पार्टी’ त्याच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस आहे. आणि तो सरस ठरतो ते नेमक्या ज्या गोष्टीसाठी सराईत खेळाडू त्याला नावं ठेवतात तिच्यामुळे, म्हणजे नशिबामुळे.

या मालिकेतला ‘सुपर मारिओ पार्टी जॅम्बोरी’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्याचा गाभा साधा आहे. चार भिडू, एक पट, एक फासा. प्रत्येकाने आळीपाळीने फासा टाकून आपली सोंगटी पुढे न्यायची. चौघांचं दान पडून झालं की सगळे मिळून एक छोटासा मिनी गेम खेळतात : उड्या मारा, चेंडू चुकवा, चित्र लक्षात ठेवा. असे शंभराहून अधिक मिनी गेम आणि सात पट यात आहेत. मिनी गेममध्ये जिंकलेली नाणी साठवायची, वीस नाणी झाली की पटावरचा तारा विकत घ्यायचा. शेवटी ज्याचे तारे जास्त, तो जिंकला. पण वाटेत सापळे आहेत, दुसऱ्याचा तारा पळवून आणणारं भूत आहे, आणि डाव संपल्यावर वाटले जाणारे बोनस तारेही आहेत. सगळे मिनी गेम जिंकलेला खेळाडू त्यामुळे अखेरच्या क्षणी दुसऱ्या क्रमांकावर घसरू शकतो.

मेहनत एकाची आणि बक्षीस दुसऱ्याला, ही तक्रार स्पर्धेच्या मैदानात रास्तच आहे. घरातला डाव मात्र स्पर्धा नसतो. चौदा वर्षांचा मुलगा दहापैकी आठ मिनी गेम सहज मारेल. फासा नसता तर तिसऱ्या फेरीलाच निकाल लागला असता आणि आजोबा चहाला उठले असते. फासा असल्यामुळे ते शेवटच्या दानापर्यंत सोफ्यावर बसून राहतात. सापशिडीत नव्व्याण्णववर साप गाठतो तेव्हा कुणी ‘हा अन्याय आहे’ म्हणून पट उधळत नाही. सारीपाटाच्या या मुलखाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नवी मुंबईत २०१६ मध्ये जन्मलेला ‘लुडो किंग’ हा मोबाइल गेम २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत शिरला, तोही याच बळावर. आजी आणि नातू यांच्यात बरोबरीचा सामना फक्त फासाच लावू शकतो.

आता प्रतिस्पर्ध्यांकडे पाहू. सर्वांत मोठा निन्टेन्डोच्या घरचाच आहे. गाड्यांच्या शर्यतीचा ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ २०१७ मध्ये आला आणि त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०१८चा ‘सुपर मारिओ पार्टी’ दोन कोटींच्या पुढे गेला, तो या आकड्याच्या आसपासही नाही. कार्टमध्ये लहानांसाठी चांगली सोय आहे. गाडी रस्ता सोडू लागली की आपोआप वळते, वेगही आपोआप धरते. मागे पडलेल्याला जास्त ताकदीची हत्यारं मिळतात. तरीही बारा गाड्यांच्या शर्यतीत सहा वर्षांची मुलगी बहुतेकदा दहावी येते. तिची गाडी दरीत पडत नाही, इतकंच. मारिओ कार्टने तिला फार प्रेमाने सांभाळून घेतलं आहे, पण ठेवलं आहे ते कच्च्या लिंबाच्याच जागी.

‘ओव्हरकुक्ड’ हा २०१६चा ब्रिटिश गेम हरणं-जिंकणंच काढून टाकतो. चौघे आचारी एका स्वयंपाकघरात, ऑर्डर येत राहतात, कांदा चिरायचा, सूप शिजवायचं, ताटल्या विसळायच्या, घड्याळ पळतंय. स्वयंपाकघरही कधी धावत्या ट्रकवर, कधी हलत्या हिमखंडावर. दोन तरबेज मित्रांना यासारखी मजा नाही. कुटुंबात मात्र एकत्र काम म्हणजे एकत्र धाक. भात करपला की चूक कुणाची हे सगळ्यांना दिसतं, आणि ती चूक जवळपास नेहमीच आजोबांची असते. पुढच्या ‘ऑल यू कॅन ईट’ आवृत्तीत वेळ वाढवून देणारी सोय आली, तिने ताण हलका होतो. तरी सर्वांत हळू हाताच्या माणसावर सगळ्यांची नजर राहते ती राहतेच.

तिसरा प्रतिस्पर्धी शिकागोचा ‘जॅकबॉक्स पार्टी पॅक’. २०१४ पासून चाललेल्या या मालिकेची युक्ती अफलातून आहे : गेम एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी स्वतःच्या फोनवरून खेळायचं. कंट्रोलर शिकायची गरजच उरत नाही. पण त्यातले बरेच खेळ शब्दांवर चालतात. विनोद इंग्रजी, संदर्भ अमेरिकी, आणि उत्तर पटकन टंकायचं. मराठीत तो उपलब्ध नाही. त्यामुळे मराठी घरात ज्याचं इंग्रजी तल्लख, त्याचाच डाव. नाचाच्या ‘जस्ट डान्स’ला भाषेची अडचण नाही, आणि त्या मालिकेच्या कामात ती काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीच्या पुण्यातल्या स्टुडिओचाही हात आहे. पण तिथे गुडघे साथ देणारे लागतात.

म्हणून ‘मारिओ पार्टी’ निर्दोष आहे असं मुळीच नाही. १९९८च्या पहिल्या गेममध्ये काही मिनी गेमसाठी कंट्रोलरची दांडी गरागरा फिरवावी लागे. मुलं ती तळहाताने फिरवत आणि हातांना फोड येत. प्रकरण न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि २००० मध्ये कंपनीने प्रत्येक घराला जास्तीत जास्त चार हातमोजे देण्याचं कबूल केलं. तेव्हापासून कंपनीने अशा खेळांना आवर घातला. ‘जॅम्बोरी’चे दोष वेगळे आहेत. त्यात मध्येच एखादं पात्र भिडू म्हणून तुमच्या सोबत येतं आणि सगळं दुप्पट होतं, तारेसुद्धा. एका डावात एकाच माणसाला दोनदा असा भिडू मिळाला तर बाकीच्यांचं मन उडतं. समतोल साधणारं नशीब इथे उलट दरी वाढवतं.

दुसरा दोष लांबीचा. सर्वांत छोटा, दहा फेऱ्यांचा डावही तासभर तरी चालतो. सहा वर्षांच्या मुलीला हा वेळ फार होतो. जुलै २०२५ मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच २’ या नव्या गेमयंत्रासाठी आलेल्या आवृत्तीत पाच फेऱ्यांचा झटपट डाव मिळाला, पण त्यासाठी ते यंत्र घ्यावं लागतं. ही सोय पहिल्याच दिवशी सगळ्यांना मिळायला हवी होती. ज्यांना नशिबाचा जाच वाटतो त्यांच्यासाठी मात्र ‘प्रो’ नियम पहिल्यापासून आहेत. त्यात बोनस तारा कशासाठी मिळणार हे आधीच कळतं आणि दैवाचे बरेच खेळ गळतात. नातवाच्या मित्रमंडळींनी ते जरूर वापरावेत.

रविवारी दुपारी घर भरलेलं असेल तेव्हा प्रो नियम बंद ठेवावेत, डाव दहा फेऱ्यांचा निवडावा आणि हात हलवून खेळायचे मिनी गेम सेटिंगमध्ये जाऊन बंद करावेत. प्रत्येक मिनी गेमच्या आधी सरावाचा पडदा येतो, तिथे घाई करू नये. सूचना इंग्रजीत असतात, त्या नातवाने मोठ्याने मराठीत सांगाव्यात. आजोबांना बटण सापडेपर्यंत बहीण दोनदा सराव करून घेते, आणि मग चौघेही ‘तयार’ म्हणतात.