नांदेड-४४ चे काय झाले?

मोंढ्यात माल आला की आपण भाव विचारतो, वजन पाहतो, ओल पाहतो. बियाणे कोणी काढले हे मात्र विचारत नाही. ते शास्त्रज्ञांचे काम, असे म्हणून सोडून देतो. आम्हाला हे मान्य नाही. जिनिंगवाला, सरकीचा व्यापारी, रुई पिंजून गाद्या भरणारा नद्दाफ, लातूरच्या डाळ मिलचा मालक आणि तिथला हमाल, या सर्वांची रोजी बियाण्यापासूनच सुरू होते.

नांदेडचेच उदाहरण घ्या. येथील कापूस संशोधन केंद्राने सरकारी पैशातून एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. 'नांदेड-४४' या नावाने तो कोरडवाहू रानात घरोघरी गेला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली ती जालन्याच्या महिकोच्या वाणांना. त्यातले जनुक अमेरिकेच्या मोन्सँटोचे. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या वर रुपये पडत. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे २००६ मध्ये भाव साडेसातशेवर आला. नांदेड-४४ मध्ये ते जनुक नव्हते. आपलाच वाण आपल्याच मोंढ्यात मागे पडला.

नागपूरची केंद्रीय कापूस संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी मग सरकारी बीटी तयार केले. २००९ मध्ये बिकानेरी नरमा बीटी आले, त्याच जनुकाचे एनएचएच-४४ बीटीही तयार झाले. नरमा हा सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याने सरकी राखून पुन्हा पेरावी असा. पण बियाण्यात मोन्सँटोचे जनुक मिसळलेले आढळले आणि सारे मागे घ्यावे लागले. सोपोरी समितीने २०१२ च्या अहवालात ही भेसळ नोंदवली.

यावरून काही जण म्हणतात, सरकारने या फंदात पडूच नये. आमचे मत उलट आहे. पैसा दिला, पण देखरेख ठेवली नाही, ही तिथली चूक. दुकानात मुनीमाने घोळ केला तर आपण हिशेब तपासतो, दुकान बंद करत नाही. सरकारी बियाणे बाजारात नसले की कंपनी सांगेल तो भाव. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही आणि जिनिंगमध्ये कवडी कापसाचे ढीग लागले, तेव्हा दुसरा पर्याय हाताशी नव्हता.

तुरीचे उदाहरण बरे आहे. २०११ मध्ये नागेंद्र कुमार सिंह यांच्या चमूने भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या पैशातून 'आशा' वाणाचा जनुकीय आराखडा मांडला. मर आणि वांझ रोगाला तोंड देणारी तूर त्यामुळे लवकर निवडता येईल. लातूरच्या डाळ मिलवाल्यांचा यात सरळ फायदा आहे. आपल्या लाल कंधारी आणि देवणी जनावरांचे, उस्मानाबादी शेळीचे मूळ वंश टिकवायलाही हेच शास्त्र लागते. आरोग्याच्या बाजूने दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली. तिच्यावरून निघालेले औषध कोणत्या भावाने विकले जाईल, हे आताच ठरवून घ्यावे.

आडत्यांच्या आणि डाळ मिलच्या संघटनांनी परभणीच्या कृषी विद्यापीठाला लेखी विचारावे: नांदेड आणि लातूरच्या केंद्रांना दरवर्षी किती पैसा मिळतो, आणि त्यातून निघालेले कोणते बियाणे दुकानापर्यंत पोहोचले?