गाडी धुतली, पण डाग राहिले!

मैत्रिणींनो, घरात गाडी आली की तिचं धुणं-पुसणंही हळूहळू घरकामातच जमा होतं. कुणाकडे यजमान रविवारी धुतात, कुणाकडे सकाळी येणारा मुलगा दोन बादल्या पाणी मारून जातो, तर कित्येकजणी स्वतःच गाडी चालवतात आणि धुतातही. पण धुतलेली गाडी वाळली की टपावर, बॉनेटवर पांढरे गोल ठिपके उठतात आणि केलेली मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

या ठिपक्यांचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. स्टीलची ताटं धुऊन तशीच निथळत ठेवा; वाळल्यावर त्यांवर पांढरट ठिपके दिसतील. तीच ताटं लगेच कोरड्या फडक्याने पुसा, लखलखीत राहतील. पाणी तेच, साबण तोच, फरक फक्त पुसण्याचा. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार मात्र जागच्या जागी बसतात. म्हणजे डाग धुण्याने पडत नाहीत, पाणी वाळू दिल्याने पडतात. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं काम झालं.

तुमचं पाणी जड आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळा नको. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, ही त्याची लक्षणं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात हा अनुभव विशेष येतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ सालच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आता हिशेब करा. ६०० च्या पाण्याच्या १५ लिटरच्या एका बादलीत ९ ग्रॅम क्षार झाले! आणि बरं का, तुरटी फिरवून हा जडपणा जात नाही. तुरटीने गढूळपणा तेवढा खाली बसतो.

"असेनात का चार ठिपके," असं मात्र म्हणू नका. हे क्षार उन्हात पुन्हा पुन्हा तापले की रंगावरच्या पारदर्शक थरात खोल बसतात. मग ते धुऊन निघत नाहीत. त्याहून महत्त्वाची समोरची काच. दिवसा न जाणवणारे ठिपके रात्री समोरच्या गाडीचा दिवा पडला की चमकतात आणि रस्ता नीट दिसत नाही. मुलांना घेऊन रात्रीचं परतताना हे परवडणारं नाही.

आता कृती. दोन बादल्या पाणी, थोडा गाडीचा शाम्पू, दोन मऊ मायक्रोफायबरची फडकी धुण्यासाठी, दोन कोरडी पुसण्यासाठी आणि चाकांसाठी एक वेगळं जुनं फडकं, एवढं जमवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका; त्याने रंगावरचं मेण निघून जातं.

वेळ सकाळची, जागा सावलीची. गाडी नुकतीच बाहेरून आली असेल तर बॉनेटवर तळहात ठेवून पाहा. ऊन लागलं तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर पाणी हां हां म्हणता वाळतं. कोरडी धूळ फडक्याने झटकू नका, बारीक कणांनी ओरखडे उठतात. आधी तांब्याने पाणी ओतून धूळ वाहू द्या. चाकं पहिल्यांदा उरकून घ्या. मग टप, काचा, बॉनेट आणि शेवटी बाजू, असं वरून खाली या. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. सगळ्या गाडीला एकदम साबण लावून ठेवू नका. एक भाग धुवायचा, लगेच पाणी ओतायचं, लगेच पुसायचं, मगच पुढचा. दोघांनी मिळून केलं तर फारच छान. एकाने धुवावं, दुसऱ्याने पाठोपाठ पुसावं.

पुसताना खसाखसा घासू नका. फडकं पसरून हलकेच ओढा, नाहीतर टिपून घ्या. दारांच्या कडा, आरसे, हँडल, नंबरप्लेट यांत पाणी दडून बसतं आणि मागाहून ओघळतं. म्हणून दारं उघडून कडाही पुसा.

शेवटच्या पाण्यासाठी एक युक्ती. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी किंवा पहिले दोन-तीन पाऊस सोडून गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी यांत क्षार फारच थोडे असतात. अर्धी बादली साठवून शेवटी टपावरून हळूहळू ओता. याउलट आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी! ते वाया जाऊ नये म्हणून आपण गाडीला वापरतो, पण त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात. ते फरशीला, चाकांना ठीक. गाडीच्या अंगावर शेवटी ते नको.

पडलेले ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन फडकं भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा. हेही सावलीतच. नंतर त्या जागी मेणाचं पॉलिश लावा. तारेची घासणी, राख, टूथपेस्ट यांच्या वाटेला जाऊ नका. व्हिनेगरनेही डाग हलला नाही तर तो रंगात उतरला आहे असं समजा आणि गॅरेजमध्ये दाखवा.

नळीबद्दलही सांगायला हवं. तुमच्या नळीखाली १५ लिटरची बादली ठेवून घड्याळ लावा. मिनिटात भरली तर दहा मिनिटांच्या धुण्याला १५० लिटर पाणी गेलं! बादलीने तीच गाडी ४० लिटरांत स्वच्छ होते. ज्या गावात पाणी दोन-चार दिवसांआड येतं, तिथल्या गृहिणीला या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको. पाणी कमी आणि पुसणं जास्त, हा हिशेब गाडीच्याही फायद्याचा आणि घराच्याही.