समीक्षेचे सोवळे आणि चित्रकथेचा वाचक

मराठी समीक्षाव्यवहारात 'लोकप्रिय' हा शब्द उच्चारला गेला की दोन ठरीव प्रतिक्रिया उमटतात. एक गट सांस्कृतिक आक्रमणाची हाकाटी करतो. दुसरा गट पाश्चात्त्य संस्कृती-अभ्यासाची परिभाषा उसनी घेऊन त्याच गोष्टीचे कौतुक करतो. कॉमिक्सच्या चाहत्यांचे जे प्रचंड मेळावे आता मुंबईत भरतात, त्यांच्याविषयीही असेच बोलले जाते. या दोन्ही गटांत एक साम्य आहे. ज्या चित्रकथांवर हे मेळावे उभे आहेत, त्या दोघांनीही सहसा वाचलेल्या नसतात.

2011च्या फेब्रुवारीत दिल्लीत 'कॉमिक कॉन' सुरू झाले आणि त्याच वर्षी ते मुंबईतही आले. 2025च्या एप्रिलमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेला हा मेळावा पाहण्यासाठी मी विठ्ठलवाडीहून लोकलने गेले. डब्यातच पुठ्ठ्याच्या तलवारी आणि रंगविलेली चिलखते सांभाळीत उभी असलेली कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातील मुले भेटली. पुढे प्रवेशाच्या रांगेत त्यांच्यापैकी दोघांचा वाद चालला होता. 1997पासून चालू असलेल्या 'वन पीस' या जपानी चित्रमालिकेतील एका प्रसंगाची सूचना कितीतरी प्रकरणे आधीच कशी पेरलेली होती, हा वादाचा विषय. पूर्वसूचना, कालविपर्यास, निवेदकाची विश्वासार्हता हे शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देतो. त्या मुलांना हे शब्द ठाऊक नव्हते. पण त्या संकल्पना मात्र ती सहज हाताळीत होती. अशा वाचकाला 'ग्राहक' म्हणून मोकळे होणे ही समीक्षेची आळशी सवय आहे.

वेषांतराचा जो प्रकार सर्वाधिक हेटाळला जातो, त्याचेही तसेच. बहुरूपी आणि भारुडातील सोंगे ज्या प्रदेशाला परिचित आहेत, तेथे हा प्रकार इतका परका का वाटावा? 2014पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा देवदेवतांच्या मुखवट्यांनीच उभा राहतो. सोंग वठवायचे तर पात्राचे बारीक वाचन करावे लागते. तेथे वाचन हातातून आणि सुईदोऱ्यातून होते. भेद आहे तो मालकीचा. बोहाड्याचे सोंग गावाचे असते. या मेळाव्यातील बहुतेक पात्रांवर कोणत्या ना कोणत्या कंपनीचा कायदेशीर हक्क असतो. हा भेद गंभीर आहे, आणि कौतुक करणारा गट नेमका त्याच्याविषयीच गप्प असतो.

मेळावा हा बाजार आहे, हा आक्षेप खराच आहे. तिकीट आहे, प्रायोजक आहेत, आणि पुस्तकांपेक्षा सदरे व बाहुल्या अधिक आहेत. परंतु जाहिरातींच्या आधाराने निघतो म्हणून दिवाळी अंकातील कथा आपण नाकारीत नाही, आणि सरकारी अनुदानावर भरते म्हणून साहित्य संमेलनाला बाजार म्हणत नाही. आर्थिक आधाराची चिकित्सा करायची तर ती सर्वत्र करावी लागेल.

खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या विस्तीर्ण दालनात मराठी मजकूर शोधावा लागत होता. याचे खापर 'आक्रमणा'वर फोडणे सोयीचे आहे. पण इतिहास तसे फोडू देत नाही. 'अमर चित्र कथा' 1967मध्ये मुंबईतच सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या चित्रकारांनी तिचे दृश्यरूप घडविण्यात मोठा वाटा उचलला. पुण्याच्या मुळीकांनी पुढे दिल्लीच्या 'राज कॉमिक्स'साठी हिंदी वाचकांचा नागराज रेखाटला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 1991पासून घरोघर पोहोचला. त्यांच्याही आधी पिंगुळीचे चित्रकथी चित्र समोर धरून कथा सांगत आले आहेत. तेव्हा हातांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती या हातांच्या कामाला वाङ्मयीन कृती मानून तिचे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षेची. दोन चौकटींमधली मोकळी जागा वाचकाकडून काय भरून घेते, याचा विचार करणारी परिभाषाच आपण घडविली नाही.

याची किंमत 'गुलामगिरी'च्या उदाहरणात दिसते. जोतीराव फुल्यांचा 1873चा हा ग्रंथ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून पुढे सरकतो. चित्रकथेला याहून अनुकूल रूपबंध दुसरा कोणता? तरीही त्यावर आधारलेली श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांची चित्रकादंबरी 2011मध्ये आली ती दिल्लीच्या 'नवयान'कडून आणि इंग्रजीत. याच फुल्यांनी 1885मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले होते. कोणाचे लेखन 'ग्रंथ' ठरते आणि ते कोण ठरविते, हा त्यांचा प्रश्न चित्रकथेच्या संदर्भात अजून अनुत्तरित आहे.

यावर काहीजण सुचवतील की आपणही एखादा मराठी महानायक घडवून सदऱ्यांवर छापावा. तो उपाय बाजाराचीच नक्कल ठरेल. अधिक उपयुक्त उदाहरण टोकियोचे आहे. तेथे 1975मध्ये सुरू झालेला 'कॉमिकेट' हा वाचकांनी स्वतः लिहिलेल्या, रेखाटलेल्या आणि छापलेल्या पुस्तिकांचा मेळावा आहे. वाचकाने लेखक व्हावे, अशी जागा तेथे निर्माण झाली. अनियतकालिकांचा इतिहास असलेल्या मराठीला हा मार्ग परका वाटण्याचे कारण नाही.

विद्यापीठांच्या मराठी विभागांनी निदान एका अभ्यासपत्रिकेत चित्रकथेला कथा-कादंबरीच्या बरोबरीने स्थान द्यावे, तिच्यातील सुमार गोष्टींना सुमार म्हणावे आणि चांगल्याची कारणे सांगावीत. रांगेतल्या त्या मुलांजवळ वाचनशक्ती आहे. ती मराठीत वापरण्याजोगी संहिता आणि तिच्याविषयी बोलण्याची भाषा त्यांना आपण दिलेली नाही. तोवर 'मुले मराठी वाचीत नाहीत' ही तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोहोचत नाही.