झाकणावरचा विस्तव

साहित्याच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांना 'वातावरणनिर्मिती' हा शब्द किती सोयीचा आहे हे सांगायला नको. कथेत पाऊस आला की वातावरणनिर्मिती. ओसरीवर कंदील टांगला की वातावरणनिर्मिती. चुलीवर काही शिजत असले तर विचारायलाच नको. दोन गुण हमखास. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हा शब्द त्यांना आम्हीच दिला, वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिला. आज आम्हांला त्याच शब्दाविरुद्ध थोडे बोलायचे आहे आणि साक्षीला एक परदेशी भांडे बोलवायचे आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर दीडशे वर्षांपूर्वी गुराख्यांचे आणि वसाहतकऱ्यांचे जेवण ज्यात उघड्यावर शिजत असे, तो बिडाचा 'डच ओव्हन'.

नावात ओव्हन असला तरी हे हंड्याच्या जातीचे भांडे आहे. ओतीव बिडाचे जाड बूड, खाली तीन आखूड पाय, उचलायला कडी आणि वर सपाट झाकण. या झाकणाच्या कडेने बोटभर उंचीचा काठ असतो आणि सगळी मेख त्या काठात आहे. त्यामुळे झाकणावर निखारे ठेवता येतात आणि झाकण उचलताना राख अन्नात पडत नाही. पायांमुळे बुडाखालीही निखारे पसरता येतात. एकाच भांड्यात रस्सा शिजतो आणि भाकरही भाजून निघते. अनुवादाच्या तासाला आमच्या एका विद्यार्थ्याने याला 'विलायती भट्टी' म्हटले होते. आम्ही ते खोडून 'डच शेगडी' केले, म्हणजे त्याच्या चुकीत स्वतःची भर घातली. खरे तर कोकणात काकडीचे धोंडस खाली-वर विस्तव ठेवून भाजलेले ज्यांनी पाहिले आहे, किंवा गोव्यात बिबिंकेचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर धरताना पाहिला आहे, त्यांना हे भांडे एका वाक्यात समजते. वर्गात तसे कोणी असेल हे आमच्या डोक्यातच आले नाही.

'डच' या शब्दाचीही एक कथा आहे. अब्राहम डार्बी या इंग्रज कारागिराने डच लोकांची वाळूच्या साच्यांत पितळ ओतण्याची रीत पाहिली आणि तीच बिडाला लागू करून १७०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. भांड्याचे नाव बहुतेक अभ्यासक या घटनेशी जोडतात. दोनच वर्षांनी, १७०९ मध्ये, कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड वितळवायला सुरुवात केली. त्या भट्टीतून प्रामुख्याने काय बाहेर पडत होते? स्वयंपाकाची भांडी. वाफेच्या इंजिनांची सिलिंडरे तेथे नंतर ओतली गेली आणि प्रसिद्ध लोखंडी पूल तर १७७९ चा. औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात इंजिनाला प्रकरण मिळते, हंड्याला तळटीप. आमच्या समीक्षेची सवय आमच्यापुरतीच नाही, एवढाच दिलासा.

काही वर्षांपूर्वी यूटामध्ये भाच्याच्या कुटुंबासोबत एका रानातल्या तळावर राहण्याचा योग आला. या राज्याने १९९७ मध्ये डच ओव्हनला राज्याचे अधिकृत भांडे म्हणून घोषित केले आहे, त्यामुळे तेथे भाड्याच्या तंबूबरोबर असे भांडे मिळाले याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते वजनाचे. बारा इंच व्यासाचे ते भांडे सुमारे नऊ किलो भरते, आणि त्यात बटाटे, गाजरे, गोमांसाचे तुकडे आणि पाणी पडले की दोघांनी उचलावे लागते. आम्ही आयुष्यभर गॅसवर स्वयंपाक पाहिलेली माणसे. उष्णता खालूनच येते ही आमची श्रद्धा. आदल्या संध्याकाळचा रस्सा नीट जमल्यामुळे दुसऱ्या दिवशी मक्याच्या भाकरीचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आणि सगळे निखारे बुडाखाली लोटले. वीस मिनिटांनी झाकण उघडले तेव्हा खाली कोळसा आणि वर पातळ पीठ. शेजारच्या तंबूतल्या एका वृद्ध बाईंनी येऊन हिशेब सांगितला. बारा इंची भांड्याला कोळशाचे चोवीस तुकडे. भाजायचे असेल तर सोळा झाकणावर, आठ खाली. रस्सा असेल तर खालचे वाढवायचे. दर पंधरा मिनिटांनी भांडे एका दिशेने पाव वळसा फिरवायचे आणि झाकण उलट दिशेने, म्हणजे एकाच जागी चटका बसत नाही. बीड उष्णता सावकाश पसरवते, पण धरून ठेवते. म्हणून ते घाईला माफ करत नाही. आणि तापलेल्या भांड्यात थंड पाणी ओतू नका, तडकेल, हे त्या दोनदा म्हणाल्या. आमचा चेहरा पाहूनच म्हणाल्या असाव्यात.

त्या रात्री आमच्या लक्षात एक गोष्ट आली. या भांड्यात एकट्या माणसाचे जेवण करता येत नाही. करता येईलही, पण ते हास्यास्पद होईल. हे नऊ किलोचे भांडे घोड्याच्या खोगिराला अडकवून कोणी मावळतीकडे निघून जात नाही. मग अमेरिकन पश्चिमेचा जो नायक आम्ही वर्गात शिकवतो, तो एकटा, अबोल, कोणाचे काही न लागणारा घोडेस्वार, तो जेवत कुठे होता?

तो गाडीपाशी जेवत होता. टेक्सासमधील चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये सैन्याची जुनी गाडी घेऊन तिच्या मागे खणांचे कपाट बसवले आणि त्याची फळी उघडली की ओटा तयार होईल अशी सोय केली. गुरांचे कळप उत्तरेकडे हाकत नेताना ही 'चकवॅगन' बरोबर असे. तिचा आचारी इतरांच्या आधी, पहाटे तीनच्या सुमारास उठे. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, खारवलेले डुकराचे मांस, आंबवलेल्या पिठाचे पाव आणि कॉफी हा त्याचा रोजचा रहाटा. आंबवण कडाक्याच्या थंडीत मरू नये म्हणून ते मडके तो पांघरुणात घेऊन झोपे, असे सांगतात. त्याला साध्या गुराख्यापेक्षा पगार जास्त असे. त्याच्या चुलीच्या वाऱ्याच्या बाजूने घोडा दामटून धूळ उडवणे हा अपराध होता; डच ओव्हनचे झाकण उचलून मातीत ठेवणे हा त्याहून मोठा. रात्री तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी, म्हणजे सकाळी दिशा चुकत नसे. या आचाऱ्यांत आणि गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे मोठ्या संख्येने होती, हे चित्रपटांनी फार काळ सांगितले नाही.

अँडी ॲडम्सची 'द लॉग ऑफ अ काउबॉय' ही १९०३ ची कादंबरी आम्ही याच कारणासाठी पुन्हा काढून वाचली. ॲडम्सने स्वतः कळप हाकले होते. १८८२ साली तीन हजारांहून अधिक गुरे मेक्सिकोच्या सीमेपासून थेट मोंटानापर्यंत नेण्याची ती हकिकत आहे. तिच्यात आचाऱ्याला नाव आहे, मॅकॅन. तो बोलतो, रागावतो, वाट्याला येतो तेवढा मान घेतो. आम्ही ही कादंबरी पूर्वी 'वास्तववादी तपशिलांचे भांडार' म्हणून शिकवली होती. हे तपशील कुठे घेऊन जातात हे मात्र विचारले नव्हते.

तो कळप जातो ब्लॅकफीट लोकांच्या सरकारी ठाण्यावर. म्हणजे ज्या लोकांचे अन्न असलेले गवे गोऱ्या शिकाऱ्यांनी जवळपास संपवले होते, त्यांना सरकारी शिधा म्हणून वाटायची ही गुरे. कादंबरी कळप पोचता करून थांबते. तिचे काम तेथे संपते. पण त्यानंतरच्या १८८३-८४ च्या हिवाळ्यात त्याच ठाण्याच्या परिसरात शिधा अपुरा पडला आणि सुमारे सहाशे ब्लॅकफीट माणसे भुकेने मेली. हे कळल्यावर मॅकॅनच्या भांड्यातला रस्सा आम्हांला पूर्वीसारखा वाचता आला नाही. वाटेत पंधरा माणसे दोन्ही वेळा पोटभर जेवली, आणि ज्यांच्या तोंडी ते मांस पडायचे होते त्यांच्यापर्यंत वर्षभरात काय उरले? जेम्स वेल्च या ब्लॅकफीट वंशाच्या लेखकाने 'फूल्स क्रो' (१९८६) या कादंबरीच्या शेवटाकडे तो उपासमारीचा काळ नायकाला दृष्टांतात दाखवला आहे. या दोन कादंबऱ्या एकाच अभ्यासक्रमात, लागोपाठ लावल्या पाहिजेत असे आमचे मत आहे. एकीत हंडा भरलेला आहे आणि दुसरीत रिकामा, आणि दोन्ही हंडे एकाच रस्त्यावर आहेत.

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' (१९३५) मध्येही आखूड पायांचे बिडाचे भांडे निखाऱ्यांत उभे राहते. आई मक्याच्या पिठाच्या भाकरी त्यात घालते आणि त्यांवर पंजा दाबते. तो ठसा उमटल्यावर वेगळ्या गोडव्याची गरज नाही, असे बाप म्हणतो. बालसाहित्यातला हा एक निर्मळ क्षण आहे आणि तसे म्हणायला आम्हांला संकोच नाही. मात्र ज्या जमिनीवर ते निखारे पेटले ती ओसेज लोकांची होती. १८६९ ते १८७१ या काळात लेखिकेचे कुटुंब कॅन्ससमध्ये त्या जमिनीवर हक्काशिवाय राहिले. मूलनिवासींच्या चित्रणावरून वाद होऊन २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डरच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. भाकरीवरचा हात खरा, जमीन दुसऱ्याची हेही खरे. त्यांतले एक वाचताना दुसरे मिटवायचे नसते.

याच्या उलट हेमिंग्वेचा निक. 'बिग टू-हार्टेड रिव्हर' (१९२५) मध्ये युद्धाहून परतलेला हा तरुण नदीकाठी एकटाच तंबू ठोकतो, घेवड्याचा आणि स्पगेटीचा असे दोन डबे फोडून तव्यात एकत्र गरम करतो. तवा. हंडा नव्हे. एकटेपणाचे पात्र कोणते हे त्या लेखकाला अचूक ठाऊक होते. आणि स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) मध्ये विस्थापितांच्या तळावर मा जोड रस्सा शिजवते तेव्हा अनोळखी उपाशी मुले भोवती जमतात. घरच्यांनाच पुरेल की नाही अशी स्थिती. ती घरच्यांना वाढते आणि तळाशी उरलेले मुलांना चाटायला देते. नंतर एक आई भांडायला येते: माझा मुलगा विचारतो, आपल्याकडे रस्सा का नाही? दया आणि लाज एकाच भांड्यात कशी शिजते हे सांगायला याहून चांगले प्रकरण आम्हांला माहीत नाही. त्याला 'वातावरणनिर्मिती' म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

आक्षेप येईल, आलाही आहे: आता काय प्रत्येक पातेल्याचे प्रतीक करायचे? नाही. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पातेल्याला पातेलेच राहू द्या, फक्त ते किती माणसांचे आहे, कोणी घासले, त्यातले मांस कोठून आले आणि कोणाला मिळाले नाही, एवढे विचारा. दलित आत्मकथनांनी हे आपल्याला कधीच शिकवले आहे. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मधली भूक कोणी 'वातावरण' म्हणून वाचली नाही, वाचण्याची हिंमत झाली नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) पाककृतींमधूनच समाजाचा इतिहास सांगते. पण ग्रामीण कथेतली चूल आली, कोकणातला पोपटीचा मडक्याभोवतीचा जाळ आला, की आम्ही पुन्हा त्या जुन्या शब्दाच्या आडोशाला जाऊन बसतो. परदेशी कादंबरी असेल तर विचारूच नका.

गेल्या सत्रात अंतर्गत परीक्षेला आम्ही ॲडम्सच्या कादंबरीवर नेहमीचा प्रश्न काढून टाकला आणि त्याजागी विचारले, 'या प्रवासात स्वयंपाक कोण करते, आणि जेवायला कोण नाही?' निम्म्या मुलांनी तरीही वातावरणनिर्मितीवर दोन पाने लिहिली. एकीने मात्र मॅकॅनचा एक दिवस पहाटे तीनपासून पुढे वेळेनुसार लिहून काढला: लाकडे, निखारे, आंबवण, भांडी, गाडी, पुन्हा निखारे. शेवटची ओळ ठाण्यावरच्या रांगेविषयी होती, आणि तेथे तिने मध्येच लिहिणे थांबवले होते. वेळ संपली होती की मुद्दाम, ते कळत नाही. तिला किती गुण द्यावेत यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.