कुरकुरणारा जिना

मैत्रिणींनो, घरातलं माणूस कुरकुरलं की आपण लगेच विचारतो, ‘काय झालं?’ पण जिना वर्षानुवर्षं कुरकुरत असला तरी त्याला कुणी विचारत नाही. ‘जुनं लाकूड, वाजायचंच’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. आम्हीही तेच करत होतो.

वाईचं आमचं घर जुनं. माडीवर जायला तेरा पायऱ्यांचा सागवानी जिना. सासूबाईंची खोली माडीवर, संडास-न्हाणीघर खाली, आणि जिन्याच्या पायथ्याशी आमची खोली. गेल्या हिवाळ्यात धाकटी आठ महिन्यांची होती. झोप अगदी सावध. रात्री कुणी जिना उतरलं की तिने भोकाड पसरलंच म्हणून समजा!

एक दिवस सासूबाईंना चक्कर आली. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, ‘आजी, पाणी किती पिता?’ तेव्हा कळलं की संध्याकाळी पाचनंतर त्या पाण्याला शिवतच नव्हत्या. मी रागावले, तर म्हणाल्या, ‘अगं, पाणी प्यायलं की रात्री उतरावं लागतं. जिना वाजतो, बाळ उठतं, आणि तुला सकाळची शाळा.’ मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! त्याच रविवारी आम्ही जिन्याकडे वळलो.

आधी आवाज का येतो ते पाहू. फळ्यावर लिहिताना खडू कधी कधी किंचाळतो ना? तो फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे इतक्या झरझर होतं की त्याचा आवाज होतो. जिन्याचंही तसंच. पावसाळ्यात लाकूड ओल घेऊन फुगतं, थंडीत-उन्हाळ्यात सुकून आकसतं. फळीची लांबी फारशी बदलत नाही, रुंदी मात्र बदलते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि सांधे ढिले होतात. मग पाय पडला की आडवी फळी खाली दबते, उचलला की वर येते, आणि शेजारच्या उभ्या फळीवर नाहीतर खिळ्यावर घासते.

खिळा एवढा आवाज करतो का, असं वाटेल. जपानमध्ये क्योटो शहरातल्या निजो किल्ल्याच्या महालात लाकडी जमिनीवरून चाललं की चिवचिवाट होतो, म्हणून त्या जमिनीला एका गाणाऱ्या पक्ष्याचं नाव आहे. तिथेही फळ्यांखालचे लोखंडी आकडे खिळ्यांवर घासतात, एवढंच कारण! म्हणून नुसता आणखी एक खिळा ठोकून काम भागत नाही. आमच्याकडे पूर्वी तेच केलं होतं. चार महिन्यांत तो खिळाही ढिला होऊन आवाजात सामील झाला.

पायरी कशी शोधायची? एकाने जिना हळूहळू चढावा, दुसऱ्याने खाली कान देऊन बसावे. प्रत्येक पायरीवर डावीकडे, मध्ये, उजवीकडे, पुढच्या कडेला आणि मागे वजन टाकून पाहावे. वाजेल तिथे खडूने फुली मारावी. आमच्या तेरांपैकी पाचच पायऱ्या वाजत होत्या.

तेल घालू नका, बरं का! पहिल्यांदा हात तेलाच्या बुधलीकडेच जातो. दोन दिवस आवाज थांबतो, पण तेलावर धूळ बसते, डाग पडतात, पायरी निसरडी होते, आणि पुढे तिथे सरस किंवा फेविकॉल धरत नाही.

सर्वांत सोपा उपाय: शंखजिरे किंवा अंगाला लावायची साधी पावडर. जिथे आडवी फळी उभ्या फळीला मिळते, त्या फटीत जुन्या टूथब्रशने ती भरावी आणि पायरीवर दहा-बारा वेळा वजन टाकावे, म्हणजे आत जाते. बाहेर सांडलेली पावडर ओल्या फडक्याने लगेच पुसावी, नाहीतर पाय घसरेल. हा उपाय मलमपट्टीचा. काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. आमच्या दोन पायऱ्या एवढ्यावर गप्प झाल्या.

टिकाऊ उपाय, खालून: जिन्याखालची अडगळ बाहेर काढली की पायऱ्यांची मागची बाजू दिसते. फट असेल तिथे लाकडाची पातळ पाचर फेविकॉल लावून हलक्या हाताने सारावी. जोराने ठोकली तर फळी आणखी वर उचलली जाते आणि नवा आवाज सुरू होतो. आडवी आणि उभी फळी मिळते त्या कोपऱ्यात लाकडाचा छोटा ठोकळा फेविकॉल आणि स्क्रूने बसवला की काम पक्के. स्क्रू फळीतून वर डोकावणार नाही एवढ्याच लांबीचा घ्यावा. फेविकॉल सुकेपर्यंत एक दिवस त्या पायरीवर पाय देऊ नये.

वरून करायचे असेल तर खिळ्याऐवजी स्क्रू वापरावा. त्याचे आटे लाकडात धरून राहतात. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, नाहीतर जुने लाकूड चिरते. एकाने पायरीवर उभे राहून फळी दाबून धरावी, दुसऱ्याने स्क्रू पिळावा. स्क्रूचे डोके थोडे आत घालून वर लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरावा.

हे सगळं शक्यतो दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात फटी सापडतच नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. आमची खालून दुसरी पायरी इतरांसारखी करकरत नव्हती. तिचा आवाज ‘भद्द’ असा, पोकळ. मी तिच्यावरही पावडरच घालणार होते, पण सुतारकाका म्हणाले, ‘वहिनी, थांबा. आधी टोचून बघू.’ दाभण लावलं, तर ते लोण्यात जावं तसं आत गेलं! भिंतीच्या ओलीने वाळवी लागली होती. वरून रंग जसाच्या तसा, आत नुसता भुगा. रात्रीच्या अंधारात सासूबाई रोज त्याच पायरीवरून उतरत होत्या. ती पायरी बदलली, वाळवीचं औषध मारून घेतलं आणि भिंतीची ओल बंद केली.

म्हणून सांगते, आवाज बंद करण्याआधी तो काय सांगतोय ते ऐका. करकर असेल तर बहुधा घासाघीस. पण पायरी पोकळ वाजत असेल, पायाखाली लवत असेल, जिन्याखाली बारीक भुसा पडत असेल किंवा भिंतीवर मातीच्या रेघा दिसत असतील, तर पावडर बाजूला ठेवा आणि सुताराला बोलवा.

जिना आता गप्प आहे. पण कोण कधी उतरलं हे आता मलाही कळत नाही. म्हणून भिंतीला कठडा लावून घेतला, रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लावला, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो. सकाळी तो रिकामा दिसला की मला बरं वाटतं.